चार भोकांचा खोडा

नाताळ सरला आणि विदरकोट गावावर थंडीने जी मांड ठोकली ती उठायचं नाव काढीना. ओढा गोठला. विहिरीचा दोर काठीसारखा ताठ झाला. आणि अशा नेमक्या साली गावच्या कोतवालकीची पाळी टॉलीच्या घरावर आली.

ही पाळी घरावर येते, माणसावर नाही. दरसाल एका घराने कोतवाल द्यायचा, असा जहागिरीचा नेम. कोतवालाने चोर धरायचे, भटके वेशीबाहेर काढायचे, दारूच्या भांडणात मध्ये पडून आपलं नाक फोडून घ्यायचं, आणि स्वतःचं शेत कधी नांगरायचं ते त्याचं त्याने बघायचं. पगार नाही, शिव्या मात्र पोटभर. लॅम्बर्ट टॉलीचा बाप जिवंत असता तर ही पीडा त्यानेच निस्तरली असती. पण म्हातारा मेंढरं कातरायच्या दिवसांत वारला, आणि जाताना जमिनीचे चार पट्टे, एक भाकड गाय, एक झोपडी आणि ही कोतवालकी पोराच्या गळ्यात अडकवून गेला.

जमिनीवर नाव अजून बापाचंच होतं. वसंतातल्या कोर्टात जहागिरीचा कारभारी तिथे लॅम्बर्टचं नाव लावणार होता. लावणार म्हणजे, त्याच्या मनात आलं तर. नाही आलं तर जमीनही गेली आणि झोपडीही गेली; मग बायकापोरांना घेऊन रस्ता धरायचा, आणि पुढच्या गावच्या कोतवालाने तुम्हाला वेशीबाहेर काढायचं. तोवर लॅम्बर्टने खाली मान घालून चालावं, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये, असं ज्याने त्याने त्याला बजावलं होतं.

"खाली मान घालून चोर कसं धरायचं, ते बी सांगा म्हनावं," ऑड्री म्हणायची. ऑड्री त्याची बायको. अंगाने काटकुळी, हाताने डावखुरी आणि जिभेने दोन्ही अंगांनी चालणारी.

हिवाळ्याच्या कोर्टाला कारभारी आला तेव्हा त्याने चर्चच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या, गुन्हेगारांचे पाय अडकवायच्या गावच्या जुन्या खोड्याला बुटाने टोचलं. फळी शिळ्या पावासारखी भुगा होऊन खाली आली.

"राणीसाहेबांचा कायदा आहे," कारभारी म्हणाला. "ज्या गावात खोडा नाही ते गाव नाही. पुढच्या कोर्टाच्या आत नवा उभा राहिला नाही तर दंड सगळ्या गावावर बसेल."

सगळ्या गावाने कोतवालाकडे बघितलं.

जहागिरीच्या रानातून एक ओकचं खोड मिळालं, तेवढंच काय ते फुकट. कापणं, तासणं, भोकं पाडणं सगळं लॅम्बर्टवर आलं. अंगणात त्याने सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकली आणि शेजारच्या हम्फ्रीकडून मोठा गिरमिट मागून आणला. ओक थंडीने दगड झालेला. गिरमिटाला एक फेरा द्यायचा म्हणजे सगळं अंग वाकवून द्यावं लागे. त्याच्या तळहातांच्या भेगांतून रक्त येऊन गिरमिटाची मूठ लाल झाली होती. चार भोकं पाडायची होती. दोन माणसं शेजारी बसतील अशी. प्रत्येक भोकाची निम्मी खाच खालच्या फळीत, निम्मी वरच्या.

"इकडं ये गं," त्याने ऑड्रीला हाक मारली. "पाय दे."

"कशाला?"

"मापाला. माझ्या पायाच्या मापानं केली तर बायामानसं निसटून जातील. पुरुषाचं पाय काय, कोंबता येत्यात."

ऑड्रीने पेजेची पळी खाली ठेवली, घागरा वर धरला, लाकडी तळाचा जोडा काढला आणि पाय फळीवर ठेवला. त्याने अंगठा आणि मधलं बोट तिच्या घोट्याभोवती फिरवलं. बोटं बर्फासारखी होती. ती किंचाळली आणि हसली, दारात उभी असलेली त्यांची पोर सिसलीही हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला.

तो खोकला थांबेना तेव्हा दोघांचंही हसू गेलं. सिसली पाच वर्षांची होती. नाताळापासून तिच्या छातीत काहीतरी घरघरत होतं, मांजर आत बसल्यासारखं. ऑड्रीने तिला उचलून आत नेलं. चुलीत नुसती राख होती.

जळण नव्हतं. दरसाल या दिवसांत गाव वरच्या गायरानावरून काटक्या आणायचं. आज्यापणज्यापासून आणायचं. यंदा सुगी संपता संपता मेंढरांचे कळप बाळगणाऱ्या प्रुएटमालकाने गायरान वेढून घेतलं. मेढी ठोकल्या, मेढींत लवचिक फांद्यांच्या फोका विणल्या, आतून काटेरी झुडपाची रोपं लावली. कोर्टात कागद दाखवले. पंचांनी कागद उलटसुलट करून बघितला, कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून सगळ्यांनी मान हलवली. आता आत त्याची मेंढरं चरत होती आणि बाहेर गाव कुडकुडत होतं.

हुकूम असा निघाला होता, की कुंपण मोडताना सापडेल किंवा ज्याच्या घरी कुंपणाचं लाकूड निघेल, त्याने रविवारी सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत खोड्यात बसायचं. नवा खोडा लॅम्बर्टने उभा केला, लोखंडी कुलूप लावलं, आणि तो सगळा आठवडा रिकामाच राहिला.

*

ज्या दिवशी सिसलीचे ओठ निळे झाले त्या दिवशी लॅम्बर्ट घरी नव्हता. एका भटक्याला चाबूक मारून पुढच्या गावच्या हद्दीत पोचवायचं काम निघालं होतं. जाताना तो म्हणाला, "येताना काय मिळतंय का बघतो." काय मिळणार होतं?

ऑड्रीने घरातली तिपाई जाळली. मग सुपाची कड जाळली. दुपारी बाहेर असं दाट धुकं पडलं की हात पुढे केला तर हात दिसेना, तेव्हा तिने कोयता घेतला, पोरीला गाईच्या पोटाशी गवतात गुरफटून निजवलं आणि ती वर गेली.

कुंपणाच्या मेढी गोठलेल्या मातीत रुतून बसल्या होत्या. तिने एक धरून हलवली, दोन्ही पाय लावून ओढली. हाताला नुसत्या झिणझिण्या आल्या. मग ती कोयत्याने फोका तोडू लागली. एकेक घाव घालायचा आणि थांबून कानोसा घ्यायचा. धुक्यात मेंढरं खोकत होती, अगदी माणसांसारखी. तिला रडू येत होतं आणि रडायचा रागही येत होता. आपल्या आजीने जिथून उजळ माथ्याने मोळ्या आणल्या तिथून आपण चोरासारख्या काड्या मोडतोय, हे तिच्या मनातून जाईना.

मोळी झाली. गवताची दोरी वळून तिने ती बांधली. वर बघितलं तर पुढ्यात पार्नेल म्हातारी उभी.

पार्नेल गावच्या टोकाला एकटी राहायची. लोक तिला मढं धुवायला, बाळंतिणीला न्हाऊ घालायला बोलवायचे आणि एरवी तिच्या तोंडाला भिऊन वाट बदलायचे. काठीवर दोन्ही हात ठेवून ती मोळीकडे बघत होती.

"कोतवालीणबाई," ती म्हणाली, "बरं चाललंय न्हवं?"

ऑड्रीने मोळी पाठीमागे ओढली.

"घाबरू नगंस. मी बी त्याच कामाला आलेली. पर मेलं माझ्या हातानं काडी बी तुटंना. काठी धरू का कोयता धरू?"

ऑड्रीने आणखी फोका तोडल्या. दुसरी मोळी बांधली. दोन्ही पाठीवर टाकल्या आणि म्हातारीची तिच्या दारात नेऊन उतरवली. वाटेत तिला वाटलं, आपण हिचं तोंड बंद करतोय. मग वाटलं, हिची चूल पेटवतोय. खरं कोणतं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"कुनाला सांगू नगा, आजी."

"मी कुनाशी बोलते म्हनून सांगीन?" म्हातारी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

लॅम्बर्ट अंधार पडताना आला तेव्हा चुलीत जाळ होता. वाटाण्याची घट्ट पेज रटरटत होती. सिसलीच्या गालांवर रंग आला होता. तो उंबऱ्यात थबकला. त्याने जाळाकडे बघितलं, कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेल्या ढिगाकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. तिने पेज वाढली. त्याने खाल्ली. पोरगी त्याच्या मांडीवर झोपली, आणि किती दिवसांनी ती खोकल्याशिवाय झोपली होती.

त्याने काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. घर ऊबदार असलं की असले प्रश्न सुचत नाहीत, आणि सुचले तरी गिळता येतात.

*

चार दिवसांनी धुकं उठलं आणि प्रुएटमालकाला कुंपणातलं खिंडार दिसलं. प्रुएट माणूस ओरडणारा नव्हता. तो लॅम्बर्टच्या अंगणात आला, घोड्यावरून न उतरता म्हणाला, "कोतवाल, घरं झडतीला घ्यायला हवीत. सगळी. मला कुणावर संशय घ्यायचा नाही, तू घेशील."

लॅम्बर्टने हम्फ्रीला बरोबर घेतलं. हम्फ्री पंचांपैकी एक. तोंडाने गोड, पण दुसऱ्याच्या घरात शिरायची त्याला भारी हौस. दोघं घरोघर फिरले, चुली उकरल्या, पलंगाखाली वाकले. लोक उघड शिव्या देत होते. "गेल्या साली तुझ्याच बापानं माझ्यासंगं काटक्या तोडल्या की रं लॅम्बर्टा!" आणि लॅम्बर्ट कान लाल करून पुढे जात होता. ऑड्री आपल्या दारातून हे बघत होती. ते जवळ येत चालले होते. पोत्याखाली अजून निम्मी मोळी होती.

हम्फ्री दाराशी आला, टोपी सारखी करत म्हणाला, "आता कोतवालाच्या घराची झडती कोतवालानं काय घ्यायची!" आणि स्वतःच हसला. दोघं पुढे गेले. कोतवालाच्या घराची झडती घ्यायची रीत नव्हती. आजवर कुणी घेतली नव्हती.

मग ते गावच्या टोकाला गेले. थोड्या वेळाने तिकडून पार्नेलचा आवाज आला, आणि मग लॅम्बर्टच्या खांद्यावर लाकडं दिसली. सुटी लाकडं. मोळी नव्हती.

संध्याकाळी त्याच्या अंगरख्याचं बटण तुटलं होतं म्हणून ऑड्रीने तो जाळाशी घेतला. खिशात काहीतरी खरखरीत लागलं. बाहेर काढलं तर गवताची दोरी, नीट गुंडाळून ठेवलेली. तिने ती बोटांत फिरवली. दोरीला उलटा पीळ होता. गावात उलट्या पिळाची दोरी वळणारी डावखुरी बाई एकच होती, आणि ती आत्ता ती दोरी हातात घेऊन बसली होती.

तिने दोरी परत खिशात ठेवली आणि बटण लावलं.

*

कोर्ट जहागिरीच्या मोठ्या कोठारात भरायचं. कारभारी मेजामागे, त्याच्या पायाशी निखाऱ्यांची शेगडी, पंच बाकांवर, बाकी गाव उभं, एकमेकांच्या श्वासाची ऊब घेत. ऑड्री मागे भिंतीशी उभी राहिली.

पार्नेलला पुढे आणलं. लॅम्बर्टने शपथ घेतली आणि लाकडं कुठे सापडली ते सांगितलं. आवाज त्याचा होता, पण तो बोलत होता पायाखालच्या फरशीशी.

"ही लाकडं तुझ्या घरी कशी आली?" कारभाऱ्याने विचारलं.

"वाऱ्यानं आनून टाकली, साहेब."

लोक हसले. कारभारी हसला नाही.

"तुझ्या अंगात कुंपण तोडायची ताकद दिसत नाही. बरोबर कोण होतं? नाव घे, शिक्षा अर्धी करतो."

शेगडीतला एक निखारा फुटला तो सुद्धा सगळ्यांना ऐकू आला. ऑड्रीला वाटलं, आता म्हातारी वळेल आणि काठीने आपल्याकडे दाखवेल. पार्नेल वळली नाही.

"मी एकलीच असते साहेब. इचारा कुनालाबी. माझ्यासंगं कोन असनार?"

"बोल, कोतवाल. तुला काय वाटतं?"

लॅम्बर्टचा हात अंगरख्याच्या खिशावर होता. ऑड्रीला तो दिसत होता. हात तिथेच राहिला.

"मला काय ठावं न्हाई, साहेब," तो म्हणाला.

येत्या रविवारी, घंटेपासून घंटेपर्यंत. पंचांनी मान हलवली. या वेळी कागद नव्हता तरी हलवली. उठता उठता कारभारी लॅम्बर्टला म्हणाला, "काम चोख केलंस. वसंतात तुझं बघतो." आणि लोकांनी ते ऐकलं.

त्या संध्याकाळी घरात दोघांनाही वाचा फुटली.

"म्हातारी मरंल," ऑड्री म्हणाली. "ह्या गारठ्यात दिसभर उघड्यावर? मरंल ती."

"हळू बोल."

"मी जाते कारभाऱ्याकडं. सांगते खरं काय ते."

"सांग. मग वसंतात काय व्हनार ते बी सांग. कोतवालाच्याच बायकूनं कुंपन मोडलं, आन् कोतवालानं पुरावा खिशात घातला. नाव लागंल व्हय माझं? पोरीला घिऊन रस्त्यावर ऱ्हाशील? परवा त्या भटक्याला चाबूक मारला मी, त्याच्याबी बगलेत पोर हुतं." तो चुलीपाशी खाली बसला. "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, ऑड्री. तुझ्या पाया पडतो."

"दोरी का उचललीत मग? ऱ्हाऊ द्यायची हुती तिथंच."

"का उचलली म्हंजे?" त्याने तिच्याकडे वळून बघितलं. "तुझी हुती म्हनून उचलली."

तो गाईकडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. ऑड्री चुलीपाशी बसून राहिली. तिला नवऱ्याचा राग येत होता, आणि त्याची माया इतकी येत होती की तिचं तिलाच सोसेना.

शनिवारी तिने पेजेचं भांडं शालीखाली धरलं आणि पार्नेलकडे गेली. म्हातारी अंथरुणात बसून पायांना चरबी चोळत होती.

"बघ," ती म्हणाली, "उद्याची तयारी. नवं लाकूड हाय, कुसळ लागू नये म्हनून."

"आजी, तुमी माझं नाव का न्हाई घेतलं?"

"घिऊन काय? दोघी बसलो असतो आन् पोरगी गारठून मेली असती. एक चूल इझली ती इझली, दुसरी कशाला इझवायची?" तिने पेज हुंगली. "मीठ कमी हाय."

ऑड्री रडू लागली.

"हे बघ, रडू नगंस माझ्या घरात, आधीच वल हाय." म्हातारीने भांडं बाजूला ठेवलं. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "थंडीचं काय न्हाई गं मला. थंडीत जन्म गेला. पर ती समदी समोर येऊन हासत्यात ना, शेन फेकत्यात, त्याचं भ्या वाटतंय. ह्या हातानं मी त्यांच्या आया धुतल्या, बाप धुतलं. तुझा सासरा बी धुतला. तवा एक कर. उद्या चर्चातनं बाहीर आलीस की सरळ घरी जाऊ नगं. माझ्याम्होरं जरा उभी ऱ्हा. एक तरी तोंड वळखीचं दिसू दे."

*

रविवारी ऊन पडलं, पण ते नुसतं दिसायला. फाटकापाशी बर्फ टाचेखाली काचेसारखा मोडत होता. सकाळची घंटा झाली तशी लॅम्बर्टने कुलूप काढलं, वरची फळी उचलली. पार्नेल बाकावर बसली, पाय तिने स्वतःच पुढे केले. त्याने फळी खाली आणली तेव्हा ती त्याला म्हणाली, "काम बरं केलंयस रं. तुझ्या बापाला असं जमलं नसतं." त्याने कुलूप लावलं.

गाव चर्चमध्ये गेलं. पाद्र्याने चोरीवर प्रवचन केलं. प्रुएटमालक पुढच्या बाकावर बसला होता, त्याच्या अंगावर केसाळ कातड्याचा झगा होता. ऑड्री सिसलीला शालीत गुंडाळून मागे उभी होती, आणि प्रत्येक वाक्याला तिला भिंतीपलीकडची म्हातारी दिसत होती.

प्रार्थना सुटली. माणसं बाहेर आली आणि खोड्यासमोर त्यांचं आपोआप कोंडाळं झालं. पोरांनी गोठलेलं शेण आणूनच ठेवलं होतं. पहिला गोळा बाकाला लागला. दुसरा म्हातारीच्या खांद्याला.

"काय गं पार्नेल, वारा आज काय काय घिऊन आला?" हम्फ्री ओरडला, आणि हशा पिकला.

पार्नेलने तोंड आवळून धरलं होतं. जी जीभ गावाला भारी पडायची ती आज गप्प होती. तिचे डोळे कोंडाळ्यातून काहीतरी शोधत होते. ऑड्री पुढे आली, कबूल केल्याप्रमाणे तिच्यासमोर उभी राहिली. म्हातारीला ती दिसली. म्हातारीने मान किंचित हलवली, बरं झालं आलीस, अशी.

तिसरा गोळा म्हातारीच्या कपाळाला लागला. रक्त आलं नाही, थंडीत ते येत नाही लवकर. नुसता पांढरा डाग उठला आणि त्याच्या कडा हळूहळू लाल झाल्या.

ऑड्रीने सिसलीला नवऱ्याच्या हातात दिलं. मग ती वळली आणि जाऊन बाकावर पार्नेलच्या शेजारी बसली. जोडे काढले. पाय फळीपाशी नेले. खोडा बंद होता.

"अवो," ती म्हणाली, "फळी उचला."

पोरांचे हात थांबले. लॅम्बर्ट पोरीला घेऊन होता तसाच उभा राहिला.

"ऑड्री, ऊठ तिथनं."

"कुंपन मी मोडलं." ती त्याच्याशी बोलत होती, पण आवाज कोंडाळ्याच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "ती लाकडं मी तोडली, मी बांधली आन् मीच तिच्या दारात टाकली. निम्मी माझ्या चुलीत जळाली. फळी उचला."

"कुंपनानंच शेत खाल्लं की रं!" कुणीतरी मागून म्हणालं. कुणी हसलं नाही.

प्रुएटमालक पुढे आला. तो अजूनही ओरडला नाही. "कोतवाल, हिच्यावर कोर्टाचा हुकूम नाही. बायकोला घरी ने. म्हातारीची दया आली असेल, झालं गेलं. मी काही ऐकलं नाही, असं समजू."

तो सुटायला वाट देत होता. ते लॅम्बर्टलाही कळलं, ऑड्रीलाही कळलं. नुसतं "चल घरी" म्हटलं असतं तर झोपडी राहिली असती, चार पट्टे राहिले असते, वसंतात नाव लागलं असतं. लॅम्बर्टच्या छातीशी पोरगी घरघरत होती. तो बायकोच्या उघड्या पायांकडे बघत होता. घोटे थंडीने जांभळे पडत चालले होते.

त्याने खिशात हात घातला. गवताची दोरी काढली आणि खोड्याच्या फळीवर ठेवली.

"उलटा पीळ हाय, मालक," तो म्हणाला. "म्हातारीच्या घरात ही मीच उचलली. कोर्टात मला ठावं न्हाई म्हनालो, ते खोटं हुतं. कारभाऱ्याला सांगा. न्हाईतर मीच जाऊन सांगतो." त्याने सिसलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आन् चोर आपनहून कबूल झाला की त्याला बसवायला कोतवालाला हुकूम लागत न्हाई."

हा कायदा खरा होता का, ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं. प्रुएट झगा सावरत घोड्याकडे निघाला. त्याने जाताना मागे बघितलं नाही, आणि वसंतात काय होणार ते तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

लॅम्बर्टने पोरीला हम्फ्रीच्या हातात दिलं. हम्फ्रीला नको म्हणायला सुचलं नाही. कुलूप निघालं, फळी वर गेली, ऑड्रीने दोन रिकाम्या खाचांत पाय ठेवले आणि फळी खाली आली. सैल नाही, घट्ट नाही, भोकं तिच्या घोट्याला बरोबर बसली. कुलूप लावताना लॅम्बर्टचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. मग अंगातला अंगरखा काढून त्याने दोघींच्या गुडघ्यांवर पसरला आणि नुसत्या सदऱ्यावर, हातात कुलपाची किल्ली घेऊन, तो खोड्यासमोर उभा राहिला. पोरांच्या हातातलं शेण हातातच राहिलं, आणि मग एकेकाने ते खाली टाकलं.

पार्नेल मघापासून समोर बघत होती. आता ती पुटपुटली, "मी तुला उभी ऱ्हा म्हनलं हुतं गं. बस म्हनलं नव्हतं."

ऑड्रीने अंगरखा वर ओढला. तिचे दात वाजत होते.

"आता बसलीच हायस, तर सरक इकडं," म्हातारी म्हणाली. "मधनं वारा येतोय."